अवसरीचे वीस किलो

मस्कतला भाजी महागली की लोक मला फोन करतात, स्वस्त झाली की करत नाहीत. एकवीस वर्षं मी तिथे राहते. त्यातली नऊ वर्षं भारतातून भाजीपाला मागवण्याचा धंदा करते, आणि नागपूरच्या माझ्या माहेरी अजून कुणालाच नीट कळलेलं नाही की मी नेमकं काय करते. आत्या सगळ्यांना सांगते, "ती तिकडे भाजी विकते." आत्याचं काही चूक नाही. पण विकणं हे त्यातलं सोपं काम. परक्या देशात ती भाजी शिरवणं, ह्यात आयुष्य जातं.

ज्यांना असा उद्योग करायचा असेल, किंवा नुसतीच उत्सुकता असेल, त्यांना थोडक्यात सांगते. माल ज्या देशात न्यायचा त्या देशात त्याला कुणीतरी धनी असावा लागतो. म्हणजे नोंदणी केलेली, परवाना असलेली कंपनी. आमच्या कंपनीच्या परवान्यावर माझा भागीदार सालिम याचं नाव आहे. तो ओमानी, शांत, सकाळी सातला कॉफी आणि दुपारी दोनला झोप चुकवणार नाही असा गृहस्थ. धावपळ माझ्याकडे. प्रत्येक खेपेला माल निघायच्या आधी आयातीची परवानगी काढायची. भारतातून माल निरोगी असल्याचा दाखला, तो भारतातच पिकल्याचा दाखला, बिल, गोण्यांची यादी, जहाजाची पावती, हे सगळं यायला हवं. गोणीवर अरबी लेबल हवं: माल काय, कुठला, कुणी भरला, वजन किती. आणि सगळ्या कागदांवरचं वजन आणि गोणीतलं वजन एकच हवं. एवढं जमलं की बाकी फक्त वाट बघणं उरतं.

गेल्या वर्षी मला तेवढंच जमलं नाही. तोवर मी भेंडी, गवार, कारली अशी विमानानं एका दिवसात पोचणारी भाजी आणत होते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच जहाजानं कांदा मागवला. वीस किलो लिहिलेली गोणी बंदरावर काट्यावर टाकली तर साडेएकोणीस भरली. दुसरीही तशीच. तपासलेल्या दहाच्या दहा कमी. दंड झाला, आणि लेखी ताकीद मिळाली की पुढच्या खेपेला वजनात खोट निघाली तर परवाना थांबवू. माल दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्यानं भरला होता. तो फोनवर शपथा घेत होता की मी पुरं वीस भरलंय. मी त्याला चोर म्हटलं आणि फोन ठेवला. सालिम मात्र आवाज न चढवता म्हणाला, "पुन्हा असं झालं तर मी माझं नाव काढून घेईन." त्याचं नाव गेलं की माझी नऊ वर्षं गेली.

म्हणून ह्या वेळी ठरवलं, कांदा भरताना काट्याशेजारी स्वतः उभं राहायचं. अवसरी बुद्रुकच्या एका शेतकरी गटाचं नाव ओळखीतल्या ओळखीतून कळलं होतं. चार दिवसांची सुट्टी काढली, म्हणजे स्वतःकडूनच काढली, आणि निघाले.

आळेफाटा

पुण्याहून एसटीनं आळेफाट्याला उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि मे महिना होता. मस्कतहून आलेल्या बाईनं उन्हाची तक्रार करू नये म्हणतात. पण मस्कतला आम्ही ऊन काचेतून बघतो. इथे ते डोक्यावर घेऊन ट्रान्सपोर्टचं ऑफिस शोधत फिरले. सरळ अवसरीला न जाता इथे आले, कारण थंड हवेची पेटी, म्हणजे कंटेनर, इथूनच ठरायची होती.

आळेफाट्याला रस्ते एकमेकांना भेटतात आणि भेटल्यावर प्रत्येकाला भूक लागते, असं दिसतं. नाशिककडे जाणारे, नगरकडे जाणारे, सगळे थांबतात. गॅरेज, टायरची दुकानं, हॉटेलं, पुन्हा गॅरेज. एका हॉटेलात मी मासवडी खाल्ली. बेसनाच्या पातळ थरात तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा आणि लसणाचं सारण गुंडाळून वड्या कापलेल्या, सोबत काळा झणझणीत रस्सा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या माणसानं ते पाहिलं आणि न विचारता आणखी रस्सा वाढला. डोळ्यांतलं पाणी इकडे पसंतीची पावती समजतात की काय, कोण जाणे. मी तोही संपवला.

ट्रान्सपोर्टवाले शेठ टेबलावर दोन फोन ठेवून तिसऱ्यावर बोलत होते. ते संपल्यावर मला म्हणाले, "बोला पावणं, कांदा कुठं चाललाय?"

"मस्कतला."

"म्हंजी दुबईच की."

"दुबईच्या शेजारी. वेगळा देश आहे."

"तेच ते," शेठ म्हणाले आणि वहीत दुबई लिहिलं. मी ते खोडायला लावलं. माझ्या धंद्यात एका चुकीच्या शब्दापायी पेट्या बंदरावर पडून राहतात, हे मी त्यांना पाच मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मस्कत लिहिलं आणि विचारलं, "तिकडून येताना पेटी रिकामी का आणायची? तिकडं काय पिकतं?"

"खजूर."

"मंग खजूर आना की. आमी नेऊ नाशकाला." ही कल्पना वाईट नाही. मी अजून तिच्यावर विचार करते आहे.

गुरुवारी सकाळी पेटी अवसरीत लावायचं ठरलं. मला सोमवारीच परतायचं होतं, कारण परवानगीच्या कागदावर मस्कतच्या बंदरावर सही करायला मी तिथे हवी होते. म्हणजे पेटी भरताना मी नसणार. गोण्या भरताना मात्र असणार होते, आणि महत्त्वाचं तेच होतं.

मंचर

दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरच्या स्टँडवर सुनंदा मला घ्यायला आली. ही अवसरीच्या गटाची अध्यक्ष. चाळिशीची, किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. ती तिनं स्कूटरच्या डिकीत न ठेवता माझ्या मांडीवर दिली. "ही संभाळा ताई, ह्यात माझी दोन वर्सं हायत."

पिशवीत निर्यातीचा परवाना होता, गटाची नोंदणी होती, शेतांचे नकाशे होते. चौदा घरांचा गट. दोन वर्षं ती पुण्याच्या कचेऱ्यांमध्ये हेलपाटे घालत होती. मी विचारलं, एवढं कशासाठी? मंचरचा बाजार तर हाकेच्या अंतरावर आहे.

"आमचा कांदा परदेशात जातोच की. हितं व्यापारी घेतो, त्याच्या नावाच्या गोणीत भरतो आन् धाडतो. कांदा फिरून आला, आमचं नाव कदी गावाबाहेर गेलं न्हाई." मग म्हणाली, "ही पेटी माघारी आली तर गटातली निम्मी घरं उठून जातील. सासरे सोडले तर कुणाचा लई इस्वास न्हाई."

बाजार समितीच्या आवारात कांद्याचे ढीग बघत आम्ही तासभर हिंडलो. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकतो, कुणीतरी मूठभर कांदे उचलून सालीवर अंगठा घासतो, आकडे ओरडले जातात, आणि मिनिटभरात एखाद्या घराची चार महिन्यांची मेहनत विकली जाते. भाव दहा किलोचा बोलतात, क्विंटलचा नाही. नागपूरला आम्ही संत्री शेकड्यानं मोजत आलो, त्यामुळे वजनाची ही दुनिया मला अजून परकी वाटते. मोजलेलं संत्रं मोजलेलंच राहतं. शंभर म्हणजे शंभर.

आवारातल्या एका तोलणाऱ्यानं सुनंदाला पाहून हाक मारली. "वहिनी, नाना कसं हायत?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नानांच्या सुनेकडून माल घेताय व्हय? मग डोळं झाकून घ्या. आमी काटा धरायला त्यांच्याच हाताखाली शिकलो."

सुनंदाचे सासरे तीस-पस्तीस वर्षं मंचरच्या बाजारात मापाडी होते, म्हणजे मालाचं वजन करून देणारे. आता घरी असतात आणि गटाच्या गोण्यांचं माप तेच बघतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण बरोबर ठिकाणी आलो.

अवसरी बुद्रुक

अवसरीत गटाच्या चौदा घरांपैकी नऊ घरांत मी चहा प्यायले. मी मोजले. मस्कतला कुणाकडे कॉफी प्यायला बसलं की पुरे झाल्यावर रिकामा कप हातात जरासा हलवायचा, की वाढणारा समजतो. सवयीनं मी तिसऱ्या घरात कप हलवला. घरच्या बाईंना वाटलं, कपात चहाच नाही हे पावणी दाखवते आहे. त्यांनी लाजून कप काठोकाठ भरला. चौथ्या घरापर्यंत बातमी पोचली होती की मस्कतच्या ताईंना चहा लई आवडतो.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती, भाकरी, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ज्या कांद्यासाठी मी समुद्र ओलांडून आले तो पहिल्यांदा खाल्ला तो तिथे, सुनंदाच्या स्वयंपाकघरात. तिखट होता, पण मागून गोड. मला तो आवडला आणि मी तसं सांगितलं.

जेवणानंतर बराखी बघायला गेलो. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, उंच जागा, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी. दारात नाना बसले होते. सत्तरी ओलांडलेला, रुंद हातांचा माणूस. उठून नमस्कार केला आणि काही न बोलता एक कांदा माझ्या हातात दिला. मी तो तज्ज्ञासारखा उलटसुलट करून पाहिला. नानांनी तो परत घेतला, त्याची मान दोन बोटांत दाबून दाखवली. "हितं बघायचं. मान वाळली का न्हाई. मान वली आसंल तर कितीबी थंड पेटीत घाला, सडणारच."

"ह्याची?"

"वाळलीय. म्हनून तर दिला."

लेबलांचं काम बायकांनी आधीच सुरू केलं होतं. मी छापून पाठवलेली अरबी लेबलं एका खाटेवर पसरली होती, आणि पाचसहा जणी लाल जाळीच्या रिकाम्या गोण्यांवर ती शिवत होत्या. मी एक गोणी उचलली. लेबल उलटं होतं. दुसरी उचलली, तीही उलटी. साठ गोण्यांवरची लेबलं खाली डोकं वर पाय अशी शिवली गेली होती.

"ताई, आमाला काय ठावं ह्याचं डोकं कंचं," सुनंदा म्हणाली. "आमाला दोन्हीकडनं सारकंच दिसतंय."

दोष माझाच होता. मी प्रत्येक लेबलाच्या वरच्या कडेला लाल पेनानं रेघ मारायला घेतली. चौदाशे लेबलं. रेघा मारता मारता मला जाणवलं की ह्या बायकांना वाचता न येणाऱ्या लिपीत त्यांच्या गावाचं नाव आहे. मी बोट ठेवून दाखवलं: हे अवसरी. सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. एकीनं त्यावरून हात फिरवला. मला त्या क्षणी माझ्या धंद्याबद्दल फार बरं वाटलं, आणि असं वर्षातून एखाद्या वेळीच वाटतं.

काटा

तिसऱ्या दिवशी सकाळी गोण्या भरायला सुरुवात झाली. इलेक्ट्रिक काटा नवा होता. नाना त्याच्यासमोर पाटावर बसले, बायका कांदा निवडून गोणीत भरत, गोणी काट्यावर येई, नाना एकदोन कांदे टाकत किंवा काढत आणि मान हलवत. की दोरी आवळली जाई. मी निर्यातीच्या कागदांसाठी मुंबईच्या एजंटाशी फोनवर अडकले होते, त्यामुळे काट्याजवळ पोचायला अकरा वाजले. तोवर तीनशे गोण्यांची थप्पी लागली होती.

मी सहज म्हणून एक गोणी काट्यावर ठेवायला लावली. वीस किलो पाचशे. दुसरी वीस सहाशे. तिसरी वीस साडेचारशे. दहा गोण्या बघितल्या, एकही वीस नव्हती.

"नाना, तुम्ही किती भरताय?"

"वीस."

"काटा तर साडेवीस दाखवतोय."

"हां. वीस आन् वर थोडं."

"वर थोडं कशाला?"

नानांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "आमच्यात तसंच देत्यात, ताई. काटा मधोमध उभा राह्यला म्हंजी माप झालं न्हाई. जरा झुकला पायजे."

मला झुकतं माप माहीत नाही असं नाही. भाजीवाली वजन झाल्यावर वरून चार मिरच्या टाकते तेव्हा मीही खूश होते. मला वाटलं, हाच तो पाहुणचार. पावणीचा चहा काठोकाठ, तशी पावणीची गोणी काठोकाठ. आणि माझं डोकं फिरलं. डोळ्यांसमोर बंदरावरचा तो काटा आला, तो ताकिदीचा कागद आला, सालिमचा शांत चेहरा आला.

"मला झुकतं नको आहे. कागदावर वीस आहे, गोणीवर वीस आहे, तर आत वीसच हवं."

"ताई, जास्तच देतुया, कमी तर न्हाई ना," सुनंदा मध्ये पडली.

"कमी नको आणि जास्तही नको. लग्नाची पंगत वाढत नाही आहोत आपण. लिहिलंय त्याहून एक कांदासुद्धा वेगळा निघाला तर ते खोटं माप, नाना."

कांदा निवडणारे हात थांबले. बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. पस्तीस वर्षं मापाडी असलेल्या माणसाच्या मापाला, त्याच्या घरच्या बायकांसमोर, मी खोटं म्हटलं होतं. शब्द परत घेता आला असता. मी घेतला नाही, कारण मला मी बरोबर वाटत होते.

नाना उठले. हात झटकले. "बरं," एवढंच म्हणाले आणि बराखीच्या सावलीला जाऊन बसले.

सुनंदा स्वतः काट्यासमोर बसली. मग कांदे काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तसं म्हनायला नको व्हतं, ताई."

"मला माझा परवाना वाचवायचा आहे, सुनंदा. माल अडकला तर तुमचंही नाव जाईल."

"ते खरं हाय," ती म्हणाली. दुपारभर तीनशे गोण्यांच्या दोऱ्या सोडून प्रत्येकीतले चारचार, पाचपाच कांदे बाहेर काढले गेले. जमिनीवर त्यांचा मोठा ढीग झाला. बायका त्या ढिगाला वळसा घालून जात होत्या आणि माझ्याशी चारचौघींत बोलावं तेवढंच बोलत होत्या. त्या दिवशी मला एकाही घरातून चहाला बोलावणं आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा नाना पुन्हा काट्यासमोर बसले होते. प्रत्येक गोणी वीस किलो. एखादा मोठा कांदा काढून छोटा घालायचे, आकडा बरोबर वीसवर आणायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की दोरी. दुपारपर्यंत मी असा पहारा केला. मी जिंकले होते, आणि त्याचं मला म्हणावं तेवढं बरं वाटत नव्हतं.

निघताना सुनंदाला बजावलं: उरलेल्या गोण्या भरताना दर शंभराव्या गोणीचा काट्यावरचा फोटो मला पाठवायचा. ती बरं म्हणाली. तिनं माझी ओटी भरली, नारळ दिला, आणि लेबलांवरची लाल रेघ आता सगळ्या जणींना पाठ झाल्याचं सांगितलं. नाना बराखीत होते. मी दारातूनच येते म्हटलं. आतून "या" आलं.

मस्कत

फोटो वेळेवर आले. आठ फोटो, प्रत्येकात काट्यावर वीस, शून्य शून्य शून्य. मी ते सालिमला दाखवले. पेटीच्या एकूण वजनाची पावती आली तेव्हा आकडा मला जरा चढा वाटला, पण खालच्या लाकडी चौकटींचं वजन धरून तेवढं व्हायचंच, म्हणून मी सोडून दिलं. अवसरी सोडल्यापासून पंधराव्या दिवशी पेटी आमच्या बंदरावर उघडली.

तपासनीस गेल्या वर्षीचेच होते. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा टोकावर आणून बघणारे. त्यांनी लेबल वाचलं. सरळ होतं. गावाचं नाव त्यांनी आपल्या उच्चारात मोठ्यानं म्हटलं. मग थप्पीच्या मधून, खालून, आतून अशा स्वतः निवडून दहा गोण्या काढायला लावल्या. पहिली काट्यावर चढली. सालिम माझ्या शेजारी जपमाळेचे मणी सरकवत उभा होता.

वीस किलो. दुसरी वीस किलो पन्नास ग्रॅम. तिसरी वीस. नववी फक्त वीस ग्रॅमनं कमी, तेवढं कुणी धरत नाही. दहावी वीस. तपासनीसांनी सही केली, शिक्का मारला. सालिमनं माझ्याकडे बघून नुसती मान तुकवली. त्या माणसाकडून ह्याहून मोठं कौतुक नसतं.

मी म्हटलं, "बघा, भरताना मी स्वतः उभी होते. काटेकोर वीस."

तपासनीसांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भरताना वीस?"

"बरोबर वीस. फोटो आहेत."

"शक्य नाही," ते म्हणाले. "कांदा इतक्या दिवसांत वाळतो. चार-पाचशे ग्रॅम तरी जातातच. भरताना वीस असतं तर आज साडेएकोणीस भरलं असतं." आणि ते पुढच्या पेटीकडे निघून गेले.

मी गाडीत जाऊन बसले. साडेएकोणीस. गेल्या वर्षी बंदरावर हाच आकडा आला होता. तो व्यापारी शपथेवर सांगत होता ते खरं होतं. त्यानं वीसच भरलं होतं. मी त्याला चोर म्हटलं, चार ठिकाणी बोलूनही दाखवलं, आणि नंबर पुसून टाकला. जुन्या बिलावरून तो नंबर शोधून काढला आणि फोन लावला. त्यानं उचलला नाही. मी सगळं लिहून पाठवलं, माफी मागितली. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्कही नव्हता.

मग अवसरीला फोन केला. सुनंदाला आधी आनंदाची बातमी दिली. पलीकडे तिनं मोठ्यानं कुणाकुणाला हाका मारल्या, बायकांचा गलका ऐकू आला. तो ओसरल्यावर मी विचारलं, "सुनंदा, गोण्यांत किती भरलं होतंत?"

"नानांशीच बोला," म्हणत तिनं फोन त्यांच्या हाती दिला.

"नाना, फोटोत तर वीस होतं."

"वीसच व्हतं की," नाना म्हणाले. "फोटू काढला, मंग चार-पाच कांदं टाकलं."

"सगळ्या गोण्यांत?"

"मंग? एकीला द्यायचं आन् एकीला न्हाई, आसं कसं चालंल? तुमी काढाय लावल्याल्या त्या तीनशे बी परत उघडल्या. दोन दिस गेलं पोरींचं."

"मग मला त्या दिवशीच सांगायचं ना. कांदा वाळतो म्हणून वर टाकतो, एवढं एकदा म्हणाला असतात तर..."

"तुमी इचारलं कुटं, ताई? तुमी सांगत व्हता. मला वाटलं, कांद्याच्या धंद्यातली बाई, तिला येवढं ठावंच आसनार. ठावं आसून नगं म्हनतीय तर तिचं काय तरी कारन आसंल. मग सुनंदी म्हनली, न्हाई नाना, त्यांना ठावं न्हाई. कांदा जित्ता आसतो. गोनीत बी श्वास घेतो. वाटंत जेवढं जानार तेवढं घरनंच बांधून द्यायचं आसतं."

"नाना, मी तुमच्या मापाला खोटं म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. माझं चुकलं."

मागे बायकांचा आवाज थांबला होता. मग नानांनी विचारलं, "त्या तिथल्या सायबाच्या काट्यावर किती भरलं म्हनाला?"

"वीस."

"मंग झालं की. तुमी वीसच मागितलं व्हतं."